फोन तोच, लाईन नवी

आमच्या माईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मोबाइल आवडत नाही. नातवाने दोनदा आणून दिला, दोन्ही वेळा तो कपाटात साड्यांखाली सापडला. ‘त्याला बटणं कुठायत?’ एवढाच त्यांचा प्रश्न. वय ८४, डोळ्याचे ऑपरेशन झालेले, बोटांना थोडा कंप. काचेवर बोट टेकवले की भलत्यालाच फोन लागतो आणि मग ‘कोण बोलतंय?’ असे दोन्हीकडून विचारत बसायचे. त्यांना हवा तो त्यांचा कॉर्डलेस. मोठी बटणे, कानाशी नीट बसणारा, आपल्या जागी ठेवला की आपोआप चार्ज होणारा. एक नंबरच्या बटणावर मी, दोनवर त्यांचा मुलगा, तीनवर पुण्याच्या मावशी, चारवर डॉक्टर. सकाळी अकराला तीन नंबर दाबायचा आणि अर्धा तास पुण्याला जाऊन यायचे, हा त्यांचा नेम.

सासरे इथल्या सी.एस.आय.ओ. या प्रयोगशाळेत नोकरीला होते, म्हणून हे घर चंडीगडला आले आणि इथेच रुजले. आमचा फोन १९९३ चा. तेव्हा बी.एस.एन.एल. हे नावही नव्हते, ते आले १ ऑक्टोबर २००० ला. त्याआधी सगळा कारभार दूरसंचार खात्याचा. नंबर लागला तेव्हा माईंनी शेजारी पेढे वाटले होते. पुढे नंबराला मागून-पुढून आकडे जोडले गेले, पण ओळख तीच. शून्य एक सात दोन म्हटले की आमच्या सगळ्या गोतावळ्याला माईंचे घर आठवते. (गंमत बघा, चंडीगड केंद्रशासित, मोहाली पंजाबात, पंचकुला हरियाणात, तीन ठिकाणचे तीन कारभारी, पण फोनचा कोड सगळ्यांचा ०१७२.)

मागच्या पावसाळ्यात रस्त्याच्या खोदकामात आमची तांब्याची तार तुटली. लाईनमन आला, खड्ड्यात डोकावला आणि म्हणाला, ‘आता कशाला जोडायची? फायबर घ्या. इंटरनेटही येईल आणि फोनही त्यातूनच चालेल.’ आम्हीही तयार झालो. एकट्या माईंनी विचारले, ‘पण माझा फोन चालेल ना त्याच्यावर?’

प्रश्न साधा होता, पण उत्तर द्यायला कुणी तयार नव्हते. सेक्टर २२ च्या बाजारात गेले, तर दुकानदार म्हणाला, ‘किस कंपनी का कनेक्शन है जी? हर कंपनी का अलग फोन आता है.’ आणि लगेच काउंटरवर तीन नवी खोकी मांडली. शेजारच्या बीजींकडे दुसऱ्या एका कंपनीचा मुलगा फायबर बसवायला आला होता. त्याने तर जुना फोन बघितलाही नाही, ‘ये पुराना है, नहीं चलेगा’ म्हणून मोकळा झाला. बीजींनी त्याच संध्याकाळी नवा घेतला. तो जुना फोन मी नंतर आमच्याकडे आणून लावून पाहिला. उत्तम चालतो. आता तो आमच्या वरच्या मजल्यावर आहे आणि बीजी येतात तेव्हा त्याच्याकडे रागाने बघतात.

तर वाचकहो, नवा फोन घेण्याआधी पाच मिनिटे माझे ऐका.

कॉर्डलेस फोनचे दोन भाग असतात. एक हातात धरायचा हँडसेट आणि दुसरी त्याची बैठक, जिच्यात आपण तो उभा करून ठेवतो. या दोघांमधले बोलणे रेडिओ लहरींवर चालते. ते त्यांचे घरगुती बोलणे झाले, त्याच्याशी फोन कंपनीचा काही संबंध नाही. कंपनीचा संबंध येतो तो बैठकीच्या मागून निघणाऱ्या त्या एका पातळ वायरीशी. आता त्या वायरीला काय लागते? डायल टोन, घंटी वाजवण्यापुरता दाब आणि आवाज नेणाऱ्या दोन तारा. पूर्वी हे सगळे एक्स्चेंजमधून येई. फायबरवर ते तुमच्या घरातच, भिंतीवर लावलेल्या डब्यात तयार होते. तो डबा आवाजाचे तुकडे करून इंटरनेटच्या पुड्यांत भरतो आणि पाठवून देतो. पण फोनच्या बाजूला मात्र तो जुन्या एक्स्चेंजचे सोंग हुबेहूब वठवतो. बिचाऱ्या कॉर्डलेसला कळतही नाही की पलीकडे काय बदलले.

म्हणून बी.एस.एन.एल., एअरटेल की जिओ, हा प्रश्न फोनसाठी फारसा महत्त्वाचा नाही. जिओफायबर ५ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाले, तेव्हापासून इंटरनेटबरोबर लँडलाईनही मिळते ही गोष्ट घरोघरी पोचली आणि माळ्यावर गेलेले फोन पुन्हा खाली यायला लागले. बघायचे ते एवढेच, की तुम्हाला दिलेल्या डब्याच्या मागे फोनची खोबण आहे का, आणि ती कंपनीने चालू करून दिली आहे का. खोबणीपाशी ‘टेल’, ‘फोन’ किंवा ‘पॉट्स’ असे काहीतरी लिहिलेले असते. ती बारीक असते, जुन्या टेलिफोनच्या पिनेच्या मापाची. शेजारी चार मोठ्या खोबणी असतात त्या कॉम्प्युटरच्या. आमच्या चिरंजीवांनी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात असूनही माईंच्या फोनची पिन मोठ्या खोबणीत खुपसली आणि दोन दिवस ‘फोनच बिघडलाय’ असे सांगत फिरला. पिन तिथे जाते, पण सैल बसते, आणि जोर केला तर आतले पितळी दात वाकतात. माईंनीच चष्मा लावून पाहिले आणि म्हणाल्या, ‘अरे, हे माप आपलं नाही.’

खोबण असूनही डायल टोन नसेल, तर बहुधा त्या कनेक्शनवर आवाजाची सेवा चालू केलेली नसते. इंटरनेट चालू झाले की बसवणारा निघून जातो. त्याला जाऊ देऊ नका. आपला फोन लावून, एक फोन बाहेर करून आणि एक आत घेऊन, मगच त्याच्या कागदावर सही करा.

काही बारीकसारीक अडचणी मात्र येतात. फोनच्या बुडाशी किंवा मेनूत टोन आणि पल्स असा बदल असतो. जुन्या दिवसांत पल्सवर फोन टक्‌टक्‌ करत लागायचा. नव्या डब्यांपैकी पुष्कळांना ती टकटक कळत नाही, म्हणून टोनवर ठेवा. डायल टोन येतो पण नंबर लागत नाही, असे झाले तर आधी हेच बघा. दुसरे म्हणजे येणाऱ्या फोनचा नंबर पडद्यावर दिसत नाही, अशी तक्रार. नंबर पाठवण्याच्या दोन पद्धती आहेत, एफ.एस.के. आणि डी.टी.एम.एफ. भारतात विकलेल्या बऱ्याच फोनांना दोन्ही कळतात, परदेशातून आणलेल्यांना कधी एकच. कंपनीच्या माणसाला ही दोन नावे सांगा, डब्यातली पद्धत बदलता येते. आणि एका डब्यावर चार-पाच फोन जोडू नका. एक्स्चेंजइतका जोर त्याच्यात नसतो, घंट्या मरगळतात.

जुन्या घरांत भिंतीतून टेलिफोनच्या वायरी फिरवलेल्या असतात. डब्यातून निघालेली वायर त्यांच्यात जोडली की सगळ्या खोल्यांतले पॉइंट पुन्हा जिवंत होतात. आम्हीही तसेच केले, कारण डबा वरच्या मजल्यावर आणि माई खाली. पण हे करण्याआधी बाहेरून येणारी जुनी तांब्याची जोडी घरातल्या वायरीपासून सोडवून घ्यावी लागते. ती तशीच राहिली तर डबा बिघडू शकतो. हे काम वायरमनकडून करून घ्या, पन्नास-शंभर रुपये वाचवू नका.

वायफायला त्रास होतो का, असे बीजींच्या सुनेने विचारले. कॉर्डलेस २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर होऊ शकतो, कारण वायफायचाही एक पट्टा तोच. ‘डेक्ट’ असे लिहिलेला फोन १.९ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, त्याचे वायफायशी भांडण नाही. तरी दोन्ही डबे एकमेकांना चिकटवून न ठेवता हातभर अंतर राखलेले बरे.

अमेरिकेतून फोन आणणाऱ्यांसाठी मात्र स्पष्ट सांगते, आणू नका. माझ्या नणंदेने न्यू जर्सीहून माईंसाठी तीन हँडसेटचा सुंदर संच आणला होता. पहिली गोष्ट, त्याचा अॅडॉप्टर तिकडच्या १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत लावला की धूर. तो बदलता येईल. पण तिकडचा ‘डेक्ट ६.०’ हा १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर बोलतो आणि युरोपातला डेक्ट १८८० ते १९०० वर. ६.० हा आकडा बघून तो जास्त नवा असेल असे वाटते, पण ते तिकडचे विक्रीचे नाव आहे. १९२० च्या वरचा पट्टा जगात पुष्कळ ठिकाणी थ्रीजी मोबाइलसाठी राखलेला आहे, त्यामुळे असा फोन दुसऱ्यांच्या मोबाइलला उपद्रव देऊ शकतो. संच अजून खोक्यातच आहे. नणंद आली की आम्ही तो टेबलावर मांडतो.

इंग्लंडमध्ये तर सबंध देशच या फेऱ्यातून जातो आहे. तिथली जुनी तांब्याची टेलिफोन व्यवस्था २०२५ अखेर बंद व्हायची होती, ती मुदत पुढे जानेवारी २०२७ पर्यंत नेण्यात आली. ब्रिटिश टेलिकॉमच्या नव्या सेवेचे नाव ‘डिजिटल व्हॉइस’. तिच्या नव्या डब्यातच डेक्टची बैठक असते, त्यामुळे कंपनीचा हँडसेट थेट डब्याशी बोलतो, किंवा आपला जुना फोन मागच्या खोबणीत लावता येतो. आपल्याकडच्या डब्यांत सहसा अशी बैठक नसते, तेव्हा बैठक टाकून देऊन नुसता हँडसेट जपून ठेवू नका. तो एकटा मुका आहे.

दुकानात ‘आय.पी. फोन’ किंवा ‘एस.आय.पी. फोन’ म्हणून एक महागडी जात दिसते, ती थेट इंटरनेटच्या वायरीवर चालते. ऑफिसांत ठीक आहे. घरच्या कनेक्शनचे आवाजाचे नाव आणि पासवर्ड कंपन्या बहुधा आपल्या डब्यातच कुलूपबंद ठेवतात, त्यामुळे तो फोन घरी आणून करायचे काय?

फोन जुळला. पण फोन जुळणे म्हणजे सगळे जुळणे नव्हे, हे मला उशिरा कळले, आणि तेच सांगण्यासाठी हा लेख.

एक, नंबर. मोबाइलचा नंबर कंपनी बदलली तरी आपल्याबरोबर येतो. लँडलाईनचा येत नाही. आपल्याच कंपनीची तांब्याची लाईन फायबरवर नेली तर नंबर सहसा तोच राहतो, पण कंपनी बदलली तर नवा नंबर मिळतो आणि जुना जातो. बीजींचा असाच गेला. बँकेत, गॅसच्या पुस्तकावर, पेन्शनच्या कागदांत, कॅनडातल्या भावाच्या डायरीत तोच होता. दोन महिने झाले तरी त्या लोकांना कळवत आहेत. कंपनी बदलायची असेल तर जुनी लाईन तोडण्याआधी महिनाभर दोन्ही चालू ठेवा आणि एक यादी करा.

त्यांचा आणखी एक गोंधळ. नव्या फोनमध्ये त्यांनी जुन्या वहीतले सगळे मोबाइल नंबर भरले आणि एकही लागेना. लाईन सदोष म्हणून तक्रार केली. लाईन ठीक होती. त्यांनी २०१७ मध्ये लँडलाईन काढून टाकली होती आणि मधल्या काळात, १५ जानेवारी २०२१ पासून, लँडलाईनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे सक्तीचे झाले. माळ्यावरून काढलेल्या फोनच्या स्मरणातले नंबरही असेच बिनशून्याचे असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये ट्रायने अशीही शिफारस केली, की गावातल्या गावात लँडलाईनवरून लँडलाईनला फोन करतानाही शून्य आणि कोड लावावा. तेव्हा आता नंबर भरताच आहात तर ०१७२ सकट भरा. मात्र भरल्यावर एकदा लावून बघा.

आणि दुसरी गोष्ट, वीज.

मे महिन्यात इथे आंधी येते. संध्याकाळी आकाश पिवळे होते, धूळ उठते, झाडे मोडतात आणि लाईट जाते. त्या रात्री साडेनऊला गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, पंखे-दिवे चालू होते, त्यामुळे आम्ही वर निवांत होतो. खाली माई न्हाणीघरातून बाहेर येताना घसरल्या. कॉर्डलेस त्यांच्या हाताशी होता. एक नंबर दाबला. काही नाही. दोन दाबला. काही नाही. हँडसेटमध्ये बॅटरी होती, पडद्यावर आकडे दिसत होते, पण बैठकीचा प्लग ज्या पॉइंटला होता तो इन्व्हर्टरवर नव्हता. फायबरचा डबाही नव्हता. पंचेचाळीस मिनिटे त्या फरशीवर बसून होत्या. हाका मारल्या, पण बाहेर वारा आणि आमच्याकडे कूलर. लाईट आली तेव्हा वर फोन वाजला आणि माई शांतपणे म्हणाल्या, ‘मोकळी असलीस तर जरा खाली ये.’

हाड मोडले नव्हते, नशीब. पण मी त्या रात्री झोपले नाही. कारण पूर्वी असे झाले नसते. कॉर्डलेस तेव्हाही लाईटबरोबर बंद पडत असे, पण हॉलमध्ये तो जुना वायरीचा फोन होता. त्याला विजेची गरज नव्हती. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे ४८ व्होल्ट त्याच तांब्याच्या तारेतून घरापर्यंत येत. शहर काळोखात असले तरी तो फोन जागा असे. फायबर ही काच आहे, तिच्यातून वीज येत नाही. फायबर घेताना आम्ही तो फोन ‘आता कशाला’ म्हणून काढून ठेवला होता. मीच काढला होता.

इंग्लंडमध्ये नियामक संस्थेने कंपन्यांना सांगितले आहे, की जी माणसे लँडलाईनवरच अवलंबून आहेत त्यांना वीज गेल्यावरही निदान एक तास तातडीचा फोन करता येईल अशी सोय द्या. आपल्याकडे ती सोय आपली आपणच करायची.

दुसऱ्या दिवशी वायरमनला बोलावले. त्याने फायबरच्या डब्याचा आणि कॉर्डलेसच्या बैठकीचा असे दोन्ही पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवर घेतले. तासाभराचे काम. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांच्यासाठी राउटरचा छोटा यू.पी.एस. मिळतो. घेताना डब्याच्या अॅडॉप्टरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लिहिले आहे ते कागदावर उतरवून न्या, तेवढाच घ्या. पुष्कळ डबे १२ व्होल्टचे असतात, पण कॉर्डलेसच्या बैठकीला त्याहून कमी व्होल्ट लागतात. तिची वायर त्याच यू.पी.एस.मध्ये खुपसू नका. त्यापेक्षा साधा वायरीचा फोन जवळ ठेवा. त्याला स्वतःचा प्लग नसतो, डबा जिवंत असेल तर तो जिवंत.

हँडसेटच्या बॅटऱ्यांकडेही लक्ष असू द्या. त्या चार्ज होणाऱ्या, निकेल मेटल हायड्राइडच्या असतात. संपल्या म्हणून घड्याळातले साधे सेल घालून बैठकीत ठेवू नका, ते फुगतात, गळतात. दोन-तीन वर्षांत फोन ‘टूं टूं’ करत मध्येच बंद पडायला लागला तर फोन बदलण्याआधी बॅटऱ्या बदलून बघा.

आणि एक परीक्षा घ्या. घरातले मेन स्विच बंद करा आणि म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतून, त्यांच्याच हाताने, एक फोन लावायला सांगा. आम्ही दर महिन्याच्या एक तारखेला करतो. माईंनाच तो खेळ वाटतो, स्विच बंद करायला त्या नातवाला पिटाळतात.

जुना वायरीचा फोन आम्ही माळ्यावरून काढला, पुसला आणि त्यांच्या पलंगाशी, जमिनीपासून हातभर उंचीवर लावला. पडलेल्या माणसाचा हात पोचेल एवढ्याच उंचीवर. शेजारी कागदावर मोठ्या अक्षरांत चार नंबर लिहिले, सगळे शून्यासकट, आणि सगळ्यात वर ११२. माईंनी कागद वाचला, पेन मागितले आणि खाली पाचवा नंबर आपल्या हाताने लिहिला, पुण्याच्या मावशींचा. म्हटले, माई, हे तातडीचे नंबर आहेत. त्या म्हणाल्या, ‘अकरा वाजता लाईट गेली तर?’